मुंबईत गर्भनिरोधक कुठे मिळतं, कसं मिळतं?

मुंबईत कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, मेडिकल शोधावं लागत नाही. काउंटरवर कंडोमची पाकिटं ओळीने लावलेली असतात आणि बहात्तर तासांच्या, म्हणजे संबंधानंतर आणीबाणीत घ्यायच्या, गोळीचं खोकं दुकानदाराच्या हाताशीच असतं. त्यामुळे गर्भनिरोधक म्हणजे या दोन गोष्टी, असा बऱ्याच जणांचा समज होऊन बसतो. प्रत्यक्षात याच शहरात दहा वर्षं टिकणारी, गर्भाशयात बसवायची तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि रोजची गोळी हे सगळं सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत फुकट मिळतं. पण त्याची पाटी रस्त्यावरून दिसत नाही. मग कितीतरी जोडपी महिन्यामागून महिना बहात्तर तासांच्या गोळीवर काढतात. ती गोळी त्यासाठी बनलेलीच नाही.

मला वाटतं, मुंबईत साधनांची टंचाई नाही. कुठे जायचं आणि तिथे काय मागायचं हे कुणी सांगत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून इथे ते तपशिलात सांगते.

आधी थोडा हिशेब

कुठलं साधन किती खात्रीचं, हे मोजायची साधी रीत आहे. शंभर स्त्रियांनी ते वर्षभर वापरलं तर त्यांतल्या किती जणींना दिवस जातात? काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना. पुरुषाने ऐनवेळी बाहेर येण्यावर भिस्त ठेवली तर सुमारे २०. कंडोमवर सुमारे १३, रोजच्या गोळीवर ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४. तांबी किंवा नसबंदी असेल तर एकीहूनही कमी.

कंडोमचे १३ आणि गोळीचे ७ बघून दचकू नका. माणसं रोजच्या धबडग्यात साधन जसं वापरतात, त्याचे हे आकडे आहेत. कंडोम दर वेळी, सुरुवातीपासून आणि नीट वापरला तर १३ चे २ होतात. गोळी एकही दिवस न चुकवता घेतली तर आकडा एकीच्याही खाली येतो. म्हणजे घोळ होतो तो विसरण्यामुळे. आता पहाटेची बदलापूर लोकल पकडणारी बाई घ्या, किंवा आठवडाभर दिवसपाळी आणि आठवडाभर रात्रपाळी करणारी नर्स घ्या. रोज एकाच वेळी गोळी घेणं तिला जमेल का, हा प्रश्न तिने साधन निवडताना सगळ्यात आधी स्वतःला विचारावा. कुठलं साधन ‘सर्वांत चांगलं’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून बचाव यातलं फक्त कंडोम करतं. तांबी असो की इंजेक्शन, जोडीदाराच्या आजाराबद्दल खात्री नसेल तर सोबत कंडोम हवंच.

जायचं कुठे?

मुंबई महापालिकेची आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. सगळ्यात खाली वस्तीतलं आरोग्य केंद्र, ज्याला बहुतेक जण ‘हेल्थ पोस्ट’ म्हणतात. त्याच्या जोडीला महापालिकेचे दवाखाने आणि २०२२ पासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’. त्यावर प्रसूतिगृहं, मग उपनगरांतली रुग्णालयं. सगळ्यात वर केईएम, सायन, नायर आणि कूपर ही वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं. राज्य सरकारची जे. जे. आणि कामा ही रुग्णालयं वेगळी. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली इथे त्या त्या महापालिकांची अशीच रचना आहे.

कंडोम, रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी यांसाठी मोठ्या रुग्णालयाची रांग धरायची काहीच गरज नाही. त्या आरोग्य केंद्रात मिळतात. वस्तीत लसीकरणाच्या आणि बाळंतिणीच्या नोंदी करत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारलंत तर आपल्या भागातलं केंद्र कुठे, कुठल्या वारी कुटुंबनियोजनाचं काम चालतं, हे ती लगेच सांगते. इंजेक्शन आणि तांबीसाठी प्रशिक्षित डॉक्टर किंवा नर्स लागते, म्हणून प्रसूतिगृह किंवा रुग्णालय गाठणं सोयीचं. नसबंदीचं ऑपरेशन अर्थातच रुग्णालयात.

रुग्णालयात सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. केसपेपरच्या खिडकीवर ‘स्त्रीरोग विभाग, कुटुंबनियोजनासाठी’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. खिडकीवर यापेक्षा जास्त सांगायची गरज नसते. मागे रांग उभी असते आणि तिथे मोठ्याने सांगणं नकोसं वाटतं, त्यात चूक काहीच नाही. आत डॉक्टरांना मात्र सगळं सांगा: शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं, सिझर झालंय का, ब्लडप्रेशर, अर्धशिशी, चालू असलेली औषधं. औषधांची नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या.

औषधांवर मी जोर देते, त्याला कारण आहे. मुंबईत क्षयरोगाचे रुग्ण खूप आहेत, आणि क्षयावरच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला संप्रेरकं (हार्मोन) भराभर मोडायला लावतं. त्यामुळे रोजची गर्भनिरोधक गोळी आणि बहात्तर तासांची गोळी, दोन्हींचा असर घटतो. फिटवरच्या काही गोळ्यांचंही तसंच, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपीन. टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईने मेडिकलमधून गोळी आणली तर तिला हे सांगणारं तिथे कुणी नसतं. अशा वेळी तांबी किंवा इंजेक्शन जास्त खात्रीचं. पण आपली प्रकृती बघून काय घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

महापालिकेची पायरी चढायची नसेल तर दुसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९४९ मध्ये मुंबईतच सुरू झाली, आवाबाई वाडिया आणि धनवंती रामा राव यांच्या पुढाकाराने. तिचं मुख्यालय आजही मुंबईत आहे. भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम त्यानंतरचा, १९५२ चा, आणि असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमवावी लागली. त्यांच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी ज्या माहितीसाठी या शहरात एका माणसाने नोकरी घालवली, ती आज आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती घ्यायला जाताना मान खाली घालायचं कारण नाही.

तिसरा मार्ग खाजगी स्त्रीरोगतज्ज्ञ. पैसे जातात, पण वेळ ठरवून जाता येतं आणि गुप्तता जास्त वाटते. संप्रेरक असलेलं गर्भाशयातलं साधन, म्हणजे मिरेना किंवा एमिली, बहुतेक करून खाजगीतच बसवतात. त्याला काही हजार रुपये लागतात. पाळीत अंगावरून फार जात असेल तर त्यावरचा उपचार म्हणूनही ते उपयोगी पडतं. साधनाची किंमत वेगळी, बसवण्याची फी वेगळी असते, तेव्हा एकूण किती ते आधीच विचारून घ्या.

कुठल्या साधनाचं काय

रोजची गोळी. सरकारी केंद्रात फुकट मिळते ती ‘माला-एन’ आणि दुकानात स्वस्तात मिळते ती ‘माला-डी’. आतलं औषध एकच. पाकीट हातात घेऊन नीट बघा. त्यात २८ गोळ्या असतात, २१ एका रंगाच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या. त्या २१ मध्ये संप्रेरकं असतात, सातांमध्ये लोह. पुढची गोळी कुठली, हे पाकिटावरचे बाण दाखवतात. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. ती आली की कितीतरी जणी उरलेल्या गोळ्या टाकून देतात, मग नवं पाकीट कधी सुरू करायचं याचा घोळ होतो. टाकू नका. अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मधे एकही सुट्टी नाही.

सुरुवात पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत करावी. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि त्या दिवसाची तिच्या वेळेला. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस कंडोमही वापरावं. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, ब्लडप्रेशर वाढलेल्या, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखायला लागणाऱ्या अर्धशिशीच्या, किंवा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ही गोळी घेऊ नये. म्हणूनच मेडिकलमधून सहज मिळत असली तरी सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवणं आणि ब्लडप्रेशर मोजून घेणं शहाणपणाचं.

आठवड्याची गोळी. हिची गोष्ट मला फार आवडते. सेंटक्रोमॅन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलं गेलं. त्यात संप्रेरक नाही. बाजारात ते ‘सहेली’ नावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि सरकारी कार्यक्रमात आज ‘छाया’ नावाने फुकट मिळतं. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. समजा तो रविवार असेल, तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. मधे पाळी कधीही आली तरी वार बदलायचा नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

सुरुवातीच्या महिन्यांत हिच्यामुळे पाळी लांबते. हे आधी माहीत नसलं की बाई घाबरते, दिवस राहिले असं समजते आणि गोळी सोडून देते, आणि मग खरंच दिवस राहतात. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर घरीच लघवीची चाचणी करावी. गोळी विसरली आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्यावी आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरावं. सात दिवस उलटून गेले तर पुढच्या पाळीपासून पुन्हा आठवड्याला दोन अशी नव्याने सुरुवात. पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकं बिघडवणारा विकार) किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांना ही गोळी देत नाहीत.

तीन महिन्यांचं इंजेक्शन. सरकारी नाव ‘अंतरा’. घरात गोळ्यांचं पाकीट ठेवता येत नाही, कपाट उघडणारी माणसं फार आहेत, अशा बाईसाठी हे मोठी सोय आहे. दंडावर किंवा कमरेवर घ्यायचं आणि तीन महिन्यांनी परत. केंद्रातून एक कार्ड मिळतं, त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. कार्ड घरी न्यायचं नसेल तर तारीख मोबाइलमध्ये दुसऱ्याच काही नावाने टाकून ठेवा. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत ते घेता येतं. गावी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाण्याआधीच घेऊन टाकता येतं.

यात पाळी बिघडते. आधी मधेच डाग पडतात, थोडंथोडं जात राहतं आणि पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. ‘घाण आत साठते’ असं म्हणतात, ते खोटं आहे. अस्तर वाढतच नाही, म्हणून बाहेर पडायलाही काही नसतं. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला मात्र वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. वर्षभरातच मूल हवं असं ठरलं असेल तर दुसरं काही निवडा.

तांबी. इंग्रजी अक्षर टी सारख्या आकाराच्या छोट्या प्लास्टिकवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, स्त्रीबीजापर्यंत पोचत नाहीत. संप्रेरक काही नाही. सरकारी केंद्रांत दोन प्रकार असतात: ३८० ए, जी दहा वर्षं चालते, आणि ३७५, जी पाच वर्षं चालते. बसवायला काही मिनिटं लागतात. ओटीपोटात कळ येते, काहींना जास्त, काहींना कमी. पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांच्या आत गेलात तर आधीच दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करणं सोपं जातं.

तांबीला दोन बारीक दोरे असतात. दर पाळीनंतर बोटाने ते लागतात का, हे बघायला डॉक्टर शिकवतात. नाही शिकवलं तर विचारा. दोरे लागले म्हणजे तांबी जागेवर आहे. लागले नाहीत, किंवा प्लास्टिकचं टोकच हाताला लागलं, तर दाखवायला जायचं. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं आणि पोट दुखतं. रक्त आधीच फार कमी असेल तर आधी हिमोग्लोबिन बघून मग ठरवावं. तांबी वर चढून छातीत जाते असं अजूनही ऐकू येतं, पण गर्भाशयातून छातीकडे जायला वाटच नसते. क्वचित कुणाची निसटून खाली येते, फारच क्वचित गर्भाशयाला इजा होते. म्हणून तर पहिल्या पाळीनंतर तपासायला बोलावतात. ती तपासणी चुकवू नका.

मूल न झालेल्या मुलीला तांबी चालत नाही, असं काही डॉक्टरही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तशी बंदी नाही. आणि ती कधीही, मुदतीच्या आधीही, काढून मागता येते. ‘अजून पाच वर्षं बाकी आहेत, कशाला काढता?’ असं ऐकावं लागलं तरी ‘मला काढायची आहे’ एवढं उत्तर पुरेसं आहे.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, किंवा सिझर चालू असतानाच, तांबी बसवता येते. नाव नोंदवल्यापासून तपासणीला येणं असतंच, तेव्हा आधीच्या महिन्यांतच डॉक्टरांशी बोलून ठेवा. कळा सुरू असताना कुणी कागद पुढे केला आणि ‘सही करा’ म्हटलं, तर त्याला विचारपूर्वक दिलेली संमती म्हणत नाहीत. आपल्याला काय बसवलं, कुठल्या प्रकारचं आणि किती वर्षांचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

दंडाच्या कातडीखाली बसवायची तीन वर्षांची कांडीही आता देशातल्या निवडक ठिकाणी सरकारी कार्यक्रमात येऊ लागली आहे.

कंडोमबद्दल थोडंच. सरकारी ‘निरोध’ १९६८ पासून आहे आणि केंद्रांत फुकट मिळतो. मेडिकलमध्ये मागायला संकोच वाटत असेल तर मोबाइलवरून किराण्यासोबत मागवता येतं. तारीख बघा, पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर फाटतं.

बहात्तर तासांची गोळी

कंडोम फाटलं, गोळ्या चुकल्या, किंवा जबरदस्ती झाली, तर ही गोळी आहे. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. २००५ पासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. नावं वेगवेगळी, आय-पिल, अनवाँटेड-७२ आणि आणखी काही, पण औषध तेच. सरकारी केंद्रांतही ती ठेवतात.

ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिला करण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून ७२ तास ही शेवटची मर्यादा समजायची. जितकी लवकर तितकी बरी. रात्री प्रसंग घडला तर सकाळी दुकान उघडताच घ्या, रविवार संपायची वाट बघू नका. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. वजन जास्त असेल तर असर कमी होऊ शकतो. पुढची पाळी मागेपुढे होते. ठरलेल्या तारखेला आठवडा उलटला तर चाचणी करा.

या गोळीने गर्भपात होत नाही. राहिलेला गर्भ तिने जात नाही. मेडिकलमध्ये गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट वेगळं असतं, आणि नावं सारखी वाटतात म्हणून लोक चुकतात. नाव नीट वाचून घ्या.

महिन्यातून दोनदा-तीनदा ही गोळी घेणाऱ्या मुली आहेत. त्यांना रागावून काही साधत नाही. ही गोळी पुन्हा घेतली म्हणून वांझपण येत नाही, ती भीती खोटी आहे. पण नेहमीच्या साधनाइतकी खात्री तिच्यात नाही, पाळीचं चक्र बिघडतं आणि दर वेळी शंभर-सव्वाशे रुपये जातात ते वेगळेच. जी मुलगी दर महिन्याला हे पैसे देते, तिला छाया किंवा तांबी फुकट मिळते हे तिच्यापर्यंत पोचत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणीबाणीत याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी. ती जवळजवळ कधीच चुकत नाही, आणि पुढची दहा वर्षं वेगळं काही करावं लागत नाही.

‘लग्न झालंय का?’

हा प्रश्न विचारला जाईल. कधी सहज, कधी खोचकपणे. कंडोम, गोळ्या, इंजेक्शन किंवा तांबी देण्यासाठी लग्नाचा पुरावा मागावा, असा कुठलाही कायदा नाही. नवऱ्याची सहीही लागत नाही. फॉर्मवर नवऱ्याच्या नावाची जागा असते, तिथे ‘अविवाहित’ लिहिता येतं. तरी कुणी उपदेश सुरू केला, तर ‘मला साधनाबद्दल माहिती हवी आहे’ असं शांतपणे पुन्हा सांगा, आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा संस्थेच्या क्लिनिकमध्ये जा. एवढ्या मोठ्या शहराचा तेवढा फायदा आहेच. दादरला कुणी ओळखीचं भेटेल असं वाटत असेल तर अंधेरीला जावं.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं प्रकरण कायद्याने नाजूक आहे, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर येतं. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. शरीराबद्दलच्या शंका, पाळी, सुरक्षितता याबद्दल तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

दिवस राहिलेच तर

साधन वापरूनही दिवस राहू शकतात. आपल्याकडे गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने मान्यता आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्याचं कारण वीस आठवड्यांपर्यंत कुठल्याही स्त्रीला देता येतं, लग्न झालेलं असो वा नसो. काही परिस्थितींत मुदत चोवीस आठवड्यांची आहे, आणि अविवाहित स्त्रियांना त्यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

गर्भपाताच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटू शकते आणि जीव धोक्यात येतो. सोनोग्राफी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर त्या पहिल्या नऊ आठवड्यांत सुरक्षित आहेत.

ऑपरेशन कुणाचं?

आता मूल नकोच, असं दोघांचं ठरलं की आपल्याकडे ऑपरेशन होतं ते बाईचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन केलेलं होतं. ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी केली होती अशा ०.३ टक्के.

हे नेहमीच असं नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं चालत, आणि पुरुष तिथे जात. पुढे १९७५-७७ च्या आणीबाणीत सक्तीने नसबंद्या झाल्या, लोकांच्या मनात जी धास्ती बसली ती उतरलीच नाही, आणि सगळा भार बायकांवर गेला.

खरं तर पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं आहे. बाईचं पोटात शिरून करावं लागतं. पुरुषाचं बिनटाक्याचं, फक्त ती जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि तो त्याच दिवशी घरी जातो. आठवडाभर जड उचलायचं नाही. पुरुषत्वाचं संप्रेरक रक्तातून जातं, बांधलेल्या नळीतून जात नाही. त्यामुळे ताकद, इच्छा, दाढीमिशी यांत काही फरक पडत नाही.

सरकारी नियमांप्रमाणे नसबंदीसाठी लग्न झालेलं असावं लागतं आणि एक वर्षाहून मोठं किमान एक मूल असावं लागतं. वय स्त्रीचं २२ च्या वर आणि ४९ च्या आत, पुरुषाचं साठच्या आत. जोडीदाराची सही लागत नाही, ज्याचं ऑपरेशन त्याचीच संमती. सरकारी रुग्णालयात केलं तर पैसे पडत नाहीत, उलट शासनाकडून काही रक्कम मिळते. त्यासाठी बँकेचं पासबुक सोबत न्या.

पुरुषाच्या ऑपरेशनबद्दल एक गोष्ट न विसरता सांगावी लागते, कारण गफलत इथेच होते. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून ते लागू होत नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, ते संपायला तीन महिने जातात. तोवर कंडोम किंवा बायकोची गोळी चालूच ठेवायची. तीन महिन्यांनी त्याच रुग्णालयात वीर्याची तपासणी करून घ्यायची आणि रिपोर्टमध्ये शुक्रजंतू नाहीत असं लिहून आलं की मगच दुसरं साधन थांबवायचं.